पत्रात नसलेलं

मोखोतलोंगच्या वरच्या अंगाला
रात्रीची शाळा भरते, मेंढरं कोंडून झाल्यावर.
आधी नाही.
मुलं येतात गमबूट वाजवत, अंगाला घोंगडी लपेटून,
काठ्या दाराशी टेकवतात,
कुत्री त्या काठ्यांची राखण करतात.
आत रॉकेलचा एकच दिवा.
त्याची काच मी पुसते, दुसऱ्या कुणाला देत नाही.

अक्षरांपासून मी सुरू करत नाही.
म्हणते, "असं झालं म्हणे एकदा..."
आणि पोरं टाळ्याला जीभ आपटून ओरडतात, "क्वोई!"
म्हणजे ऐकतोय, पुढे सांग.
गोष्ट जिथं अडते तिथलाच शब्द
खडूनं फळ्यावर.
परवा कोल्हा कड्याच्या टोकाशी आला, मागे शिकारी,
आणि मी गप्प बसले.
"वाचलंत तर उडी मारेल,
नाहीतर राहील तिथंच, रात्रभर, गारठ्यात."
नऊ वर्षांच्या पित्सोनं वाचलं.
ज्याच्यामागे दगड घेऊन धावण्यात जन्म गेला
त्या कोल्ह्याची त्याला कीव आली.

सेखोबे मात्र दारापाशीच बसायचा.
एकोणीस वर्षांचा. दोनशे अकरा मेंढ्या,
एकेकीला चेहऱ्यावरून ओळखतो.
"अक्षरांना तोंडं नसतात," म्हणायचा,
आणि दिव्याकडे पाठ करायचा.

एकदा त्यानं घोंगडीतून पत्र काढलं.
भावाचं. वेल्कमच्या खाणीतून आलेलं.
"म्मे, वाचून दाखवा."

आता माझं सांगते.
मी दहा वर्षांची, घरात वाचता येणारी एकटी.
बाबांचं पत्र यायचं, त्याच खाणींकडून:
पैसे पाठवले. खोकला आहे. मेंढ्या विकू नका.
आई शेणीच्या धगीपुढे हात धरून बसलेली.
तीन वाक्यांत तिचे हातसुद्धा शेकले नसते.
म्हणून मी भर घालायची.
पीचला फुलं आली का, विचारलंय.
तुझ्या हातच्या ज्वारीच्या पेजेची आठवण काढलीय.
पुढं पत्रं थांबली.
मी जुन्याच कागदांवरून नवी पत्रं वाचली,
दोन हिवाळे.
आईला कळलं असावं, असं आता वाटतं.
कारण दर वाक्याला ती हळूच म्हणायची, "क्वोई."
पत्राला असं कुणी म्हणत नाही.

तर सेखोबेचं पत्र.
जीभ जुन्या वळणावर गेली.
खाली, पृथ्वीच्या पोटात, ऊब आहे म्हणतो.
सोबतचे लोक हसरे आहेत.
पुढच्या नाताळला येईन, तुझ्यासाठी रेडिओ घेऊन...

"म्मे."
मी थांबले.
"ओळी पाचच आहेत. मोजल्यात मी.
तुम्ही केव्हाच्या वाचताय."

बाहेर कुत्रं अंग झाडून पुन्हा बसलं.
पाच ओळींची मी साठ केली होती,
आणि मोजणारा समोर बसला होता,
ज्याचं एक कोकरू आजवर चुकलं नाही.

"हसण्याचं कुठंय?"
कुठंच नाही, म्हटलं.
"रेडिओ?"
नाही.
"मग काय आहे?"

मी वाचलं ते. पाठ दुखावलीय.
दोन महिने पगार नाही. आईला सांगू नकोस.
वाचताना आवाज माझा राहिला नाही.

तो बराच वेळ काही बोलला नाही.
मला वाटलं, उठेल, काठी घेईल, संपलं.
मग कागद माझ्या हातून घेऊन
पहिल्यांदा दिव्याजवळ सरकला.
"जे आहे ते आधी शिकवा.
नाही ते मला सांगता येतं.
आईला तेच तर सांगायचंय."

भावाच्या नावाचं पहिलं अक्षर
त्यानं बोटानं दोनदा गिरवलं.
दोन डोंगर, मधे उतरती घळ.
"ही तर खिंड आमची," तो म्हणाला,
"इथूनच खाली उतरला तो."

कोपऱ्यातून, घोंगडीत पार बुडालेला,
पित्सो अर्धवट झोपेत म्हणाला,
"क्वोई."